मोठ्या गाडीवर माझा हात बसवणाऱ्या उस्तादांना

उस्ताद, सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या काटोल रोडवर तुम्हाला सगळे उस्तादच म्हणतात, म्हणून मीही. गॅरेजात आभार मानायला आले, तेव्हा "त्यात काय जी" म्हणत तुम्ही पुढच्या गाडीची चेन ताणायला बसलात. मनातलं बोलायचं राहूनच गेलं, ते आज सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी बरीच वर्षं पल्सर १५० घेऊन वर्धा रोडने बुटीबोरीला कामाला जाते. गाडी चालवणं मला नवीन नाही. यंदा हौसेने रॉयल एनफील्डची इंटरसेप्टर ६५० घेतली. ६४८ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, ४७ बीएचपी, वजन २०० किलोच्या वर. शोरूममध्ये हार झाला, केक झाला, फोटो झाले. क्लच फार लांब लागतो, बोटांची फक्त टोकं पोहोचतात, असं मी म्हटलं, तर उत्तर मिळालं, "सवय होईल मॅडम. नाहीतर छोटी गाडी बघा ना." बाईमाणसाला एवढी गाडी कशाला, असं म्हणणारे ओळखीतही खूप होते, त्यांचं मी मनाला लावून घेतलं नाही. पण ज्यांना लाखांनी पैसे मोजले त्यांनी गाडीकडे वळूनही न बघता फक्त माझ्याकडे बघून निकाल दिला, तो राग अजून गेलेला नाही.

टोकांनी धरलेला क्लच निसटायचा आणि गाडी झेप घ्यायची. या इंजिनाची ताकद खालच्या आरपीएमलाच, म्हणजे इंजिन हळू फिरत असतानाच भरपूर, तिथे हाफ क्लच, म्हणजे अर्धाच सोडून धरलेला क्लच, हातात नसेल तर काय होणार? शंकरनगर चौकातला सिग्नल लाल दिसला की माझ्या पोटात गोळा यायचा. गाडी विकायचं जवळपास ठरलंच होतं.

तेव्हा तुमच्या गॅरेजात आले. तुम्ही पहिलं वाक्य काय बोललात आठवतं? "ताई, हात दाखवा." चिंधीने आपले ग्रीसचे हात पुसलेत, बंद गाडीवर मला बसवलंत आणि माझी बोटं लीव्हरवर कुठे येतात ते खाली वाकून पाहिलंत. मनगट वाकडं होतंय, म्हणालात. मग लीव्हरची पकड सैल करून तो जरा खाली वळवलात, केबलचा ताण बदललात, पुन्हा धरायला लावलंत, पुन्हा थोडं फिरवलंत. शेवटी बोटं पुरती बसली. "पाहा, गाडी मोठी नाही जी ताई. क्लच दूर होता."

उस्ताद, हे वाक्य लिहितानाही गळा भरून येतोय. इतके दिवस सगळे मलाच कमी ठरवत होते. माझा हात आहे तसा धरून गाडीच त्याच्या मापाची करावी, हे सुचलं ते एकट्या तुम्हाला.

रविवारी पहाटे मिहानच्या औद्योगिक भागातल्या मोकळ्या रस्त्यावर तुम्ही आपणहून आलात. सावकाश वळताना पुढच्या ब्रेकला हात नको, हँडल वळलेलं असताना तो दाबला की जड गाडी आत लोळते. मागचा ब्रेक हलका धरा, क्लच अर्धा, आणि नजर जायचंय तिकडे. टायर कोरे आहेत, सुरुवातीला फार झुकवू नका. आपल्याकडच्या सिमेंट रोडच्या कडेवरून तिरपं उतरू नका, सरळ उतरा. सगळं शांतपणे, एकदाही आवाज न चढवता सांगितलंत. बघायला थांबलेल्या पोरांना "चला, चहा पाजतो" म्हणत तुम्ही लांब घेऊन गेलात, तेही माझ्या लक्षात आलं होतं. कुणी टक लावून बघत नाही म्हटल्यावर माझं पहिलं वळण पाय न टेकता पूर्ण झालं.

समोरच्याला लाज वाटू न देता शिकवणारी माणसं मी फार थोडी पाहिली. आमच्या शाळेतल्या एक बाई तशा होत्या, आणि आता तुम्ही. अशा माणसांच्या दुकानावर मोठी पाटी नसते, म्हणून त्यांच्याबद्दल आपण सांगत राहायला हवं असं मला मनापासून वाटतं.

गेल्या आठवड्यात कन्हान, मनसर करत रामटेकला जाऊन आले. गडाच्या चढावरची वळणं तुम्ही सांगितलं तशीच घेतली. परतताना मनगट जराही दुखलं नाही.

माझ्यासोबत काम करणाऱ्या एकीने नुकतीच ३५० सीसीची गाडी घेतली आहे आणि तिलाही "सवय होईल" हेच ऐकवलं गेलंय. शनिवारी संध्याकाळी तिला घेऊन येते. आणि या वेळी पैसे घ्यायचे, नाही म्हणायचं नाही.

तुमची,
काळ्या इंटरसेप्टरवाली ताई