पाठीतल्या पाण्याला नकार, म्हणजे निदानालाच नकार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लहान मुलांना होणाऱ्या दुर्मिळ जिवाणूजन्य मेंदूज्वराची माहिती आपल्या आरोग्य पानावर वाचली. लक्षणे आली, लस आली, उपचार आले. पण वॉर्डात गाडे नेमके जिथे अडते, ते पाठीतल्या पाण्याचे, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचे पाणी पाठीतून सुईने काढून तपासण्याचे, प्रकरण राहून गेले. नाशिकच्या प्रयोगशाळांत उभी नोकरी केली, म्हणून त्याबद्दल चार शब्द.

डॉक्टर सांगतात, बाळाच्या पाठीतले पाणी तपासावे लागेल. आई सासूकडे बघते, सासू सासऱ्यांकडे, मग गावाकडे फोन लागतो. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मंडळींनाच दोष देऊ नये; गंगापूर रोडवरच्या शिकल्यासवरल्या घरांतूनही हेच ऐकू येते. "पाणी काढलं की पोर लुळं पडतं." "अमक्याच्या मुलाचं काढलं, आणि गेलंच ते." ते मूल गेलेले असते आजाराने, पण नातलगांच्या लक्षात राहते ती सुई. कागदावर अंगठा किंवा सही होईपर्यंत संध्याकाळ उलटते.

वास्तविक सुई घालतात तिथे मज्जारज्जू नसतोच. तो वरच संपतो. खाली पाण्यात सैल तरंगणाऱ्या नसा असतात. तान्ह्या बाळाचे काढतात एक-दोन मिली, आणि शरीर ते काही तासांत भरून काढते. मोठ्या मुलाचे डोके किंवा कंबर एक-दोन दिवस दुखते, इतकेच. मूल फारच अत्यवस्थ असेल, मेंदूवर दाब वाढला असेल किंवा रक्तस्रावाचा धोका असेल, तर डॉक्टर स्वतःच ही तपासणी पुढे ढकलतात. रक्ताचा नमुना घेऊन प्रतिजैविक मात्र लगेच सुरू करतात, आणि ते बरोबरच आहे. अडचण होते ती केवळ भीतीपोटी दिलेल्या नकाराने.

नळी हातात आली की आम्ही तिच्यामागे छापील कागद धरतो. निरोगी पाण्यातून अक्षरे लख्ख वाचता येतात. पू झाला असेल तर ओळीच पुसट होतात. मग पेशी मोजायच्या, साखर आणि प्रथिने बघायची, जंतू दिसावेत म्हणून काचेवर ग्रॅमचा रंग चढवायचा. जंतू भरपूर असतील तर तासाभरात सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे रूप दिसते. नाव कळायला कल्चरचे, म्हणजे जंतू वाढवून बघण्याचे, दोन-तीन दिवस लागतात.

जंतू दुर्मिळ असला की या नावालाच मोल येते. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या पेंटाव्हॅलेंट (पाच आजारांवरच्या एकत्रित) लसीने मेंदूज्वराच्या हिब जंतूला बराच आळा घातला. न्यूमोकॉकस या दुसऱ्या जंतूची लसही 2021 पासून देशभर सरकारी लसीकरणात मिळते. (मेनिंगोकॉकस या तिसऱ्या जंतूची लस मात्र त्या यादीत नाही. आफ्रिकेसाठी ती 2010 मध्ये आपल्या पुण्यातूनच गेली!) पण लिस्टेरियासारख्या जंतूचे काय? एरवी हुकमी वाटणारे प्रतिजैविक सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन त्याच्यावर चालतच नाही, तिथे अ‍ॅम्पिसिलिन लागते. क्रोनोबॅक्टर क्वचितच आढळतो, पण दोन महिन्यांच्या आतल्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तो जिवावरचा. दूध पावडरीच्या डब्यातून तो येऊ शकतो, कारण ती पावडर निर्जंतुक नसते. म्हणून पावडर कोमट पाण्यात न कालवता किमान 70 अंशांच्या पाण्यात कालवून, मग निववून पाजायला सांगतात. औषध किती दिवस द्यायचे हेही जंतूवर ठरते: मेनिंगोकॉकसला साधारण 7 दिवस, न्यूमोकॉकसला 10 ते 14, नवजाताच्या ग्रॅम निगेटिव्ह (ग्रॅमचा रंग दिल्यावर लालसर दिसणाऱ्या) जंतूंना निदान 21. शिवाय मेनिंगोकॉकस निघाला तर घरातल्या भावंडांनाही प्रतिबंधक औषध द्यावे लागते. पाणीच काढू दिले नाही, तर यातले बरेचसे अंदाजावर चालते.

दुसरी खोट आपल्या सवयीची. ताप आला की मेडिकलमधून मागच्या वेळचेच प्रतिजैविक आणायचे, दोन दिवस पाजायचे आणि मग दवाखाना गाठायचा. जंतू मरत नाही, पण कल्चरमध्ये उगवण्याइतका धडही राहत नाही. अहवाल येतो 'वाढ नाही', आणि घरचे म्हणतात, बघा, उगाच पाणी काढले! तालुक्याहून नमुना पाठवतानाही एक गोष्ट हटकून चुकते. 'खराब होऊ नये' म्हणून नळी बर्फात ठेवतात. मेनिंगोकॉकस आणि हिब गारठ्यानेच मरतात. कल्चरची नळी बाहेरच्या तापमानात ठेवून लगोलग पोहोचवायची असते.

तान्ह्या बाळाची मान आखडेलच असे नाही, हे आयांना कुणी सांगत नाही. दूध ओढत नाही, किंचाळल्यासारखे रडते, मलूल पडते, अंग तापते किंवा उलट गार पडते, आकडी येते. टाळू भरणाऱ्या आजीच्या तळहाताला तर फुगलेली टाळू सगळ्यांआधी लागायला हवी. बाळ शांत असताना, उभे धरून बघावी. मालिश करताना कंबरेखाली बारीक छिद्र किंवा केसांचा झुपका दिसला तर तोही डॉक्टरांना दाखवावा. पुन्हा पुन्हा होणाऱ्या मेंदूज्वराची वाट कधी कधी तिथूनच असते. आणि वरची लक्षणे "दात येताहेत" म्हणून सोडून देऊ नयेत.

महापालिका आणि जिल्हा आरोग्य यंत्रणेकडे मागणे फार नाही. मुलांच्या प्रत्येक वॉर्डाबाहेर या तपासणीचे चित्रासह मराठी फलक लावा, आदिवासी पट्ट्यासाठी तिथल्या कोकणा आदिवासींच्या कोकणी बोलीतही. रात्री आलेल्या नमुन्याची ग्रॅमची काच रात्रीच बघितली जाईल अशी सोय करा. आणि बरे होऊन घरी निघालेल्या प्रत्येक मुलाच्या डिस्चार्ज कार्डावर कानाच्या तपासणीची तारीख लिहा. या आजाराने काही मुलांचे ऐकू येणे जाते, आतला कान हाडासारखा घट्ट होऊ लागतो, आणि मग कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात घालायचे यंत्र) बसवणे अवघड होऊन बसते. मूल बोलत का नाही म्हणून वर्षभराने आलेल्या पालकांना हे सांगण्यापेक्षा चार आठवड्यांच्या आतली तारीख कार्डावर असलेली बरी.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
पंचवटी, नाशिक