चूक गोलकीपरची नव्हती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या भागातल्या कॉलेजच्या फुटबॉल संघाला यंदाचा मोसम कसा जाईल, यावर तुमच्या वार्ताहरांनी लिहिलेला मजकूर काल वाचला. कॉलेजच्या मुलांच्या फुटबॉलला पाव पान दिलेत, त्याबद्दल आधी आभार मानते. एरवी ही मुले कुणाच्या खिजगणतीत नसतात. पण गेल्या वर्षी संघ दुसऱ्या फेरीत गारद झाला तो गोलरक्षणातल्या ढिसाळपणामुळे, असे त्यांनी लिहून टाकले आहे. तो गोलकीपर माझा मुलगा आहे. सकाळी त्याने पेपर वाचला, घडी घातली आणि न बोलता क्लासला निघून गेला. म्हणून हे पत्र.

त्या सामन्याला तुमचे वार्ताहर नव्हते. मी होते, छत्री धरून, गोलच्या मागे. ऑगस्टचा पाऊस, घोट्यापर्यंत चिखल. मुले नेरूळहून लोकलने, कुर्ल्याला गाडी बदलून पोचली तेव्हा सामना सुरू व्हायला दहा मिनिटे उरली होती. वॉर्मअप झालाच नाही. तरी हाफटाइमला आपण १-० ने पुढे होतो. शेवटच्या वीस मिनिटांत तीन गोल झाले. पहिले दोन कॉर्नरवरून. तिसऱ्याला समोरच्या संघाने मागून लांब चेंडू टाकला, आपले तीन बॅक पुढे सरकले आणि चौथा गोलपाशीच थांबला. चेंडू टाकताना फॉरवर्ड सगळ्या बॅकच्या पलीकडे, गोलच्या जवळ असेल तर तो ऑफसाइड, म्हणजे नियमबाह्य, ठरतो. पण या चौथ्यामुळे त्यांचा फॉरवर्ड ऑनसाइड राहिला आणि एकटाच समोर आला. त्यात माझ्या मुलाने काय करायचे होते?

आता हे का झाले ते सांगते, कारण यंदा संघाचे काय होणार याचे उत्तर त्यातच आहे. ही मुले वर्षभर टर्फवर, म्हणजे कृत्रिम हिरवळीच्या छोट्या भाड्याच्या मैदानावर सराव करतात. पाच विरुद्ध पाच, चारही बाजूंनी आणि डोक्यावरही जाळी. तिथे ऑफसाइड नसते, त्यामुळे बॅकना एका रेषेत पुढे सरकायची सवयच लागत नाही. वर जाळी असल्यामुळे कॉर्नरचा चेंडू उंचावरून कधी येत नाही. टर्फवरचा गोल दहा-बारा फुटांचा. मोठ्या मैदानावरचा २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच. वर्षभर छोटा गोल राखणाऱ्या मुलाला एकदम या गोलात उभे करायचे, ओला चेंडू सहा जणांच्या डोक्यांवरून त्याच्याकडे यायचा, आणि तो सुटला की त्याला ढिसाळ म्हणायचे! चेंडू हातात झेलायचा की ठोसा मारून बाहेर काढायचा, हे एका क्षणात ठरवावे लागते. ते शंभरदा करूनच येते. त्याला ते करायला मिळते कुठे? टर्फचे पैसेही मुलेच वर्गणी काढून भरतात. कॉलेज दरवर्षी जिमखाना फी घेते, त्या पावत्या मी जपून ठेवल्या आहेत. क्रीडा शिक्षक एकटेच, त्यांच्याकडेच कबड्डी आणि क्रिकेटही. ते बिचारे करतात तेवढे करतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

वार्ताहरांनी दोन स्ट्रायकरांचे कौतुक केले आहे ते खरेच आहे. डावीकडून खेळणारा मुलगाही वेगवान आहे. पण ज्या नव्या सेंटर बॅकला त्यांनी अननुभवी म्हटले, तो कोल्हापूरचा आहे. तिथल्या तालमींच्या संघांचा फुटबॉल आणि शाहू स्टेडियमवरची गर्दी पाहत, मोठ्या मैदानावर, चिखलात खेळत तो वाढला आहे. मागच्या रविवारी सराव बघितला. हा मुलगा सारखा ओरडून बाकीच्यांना लाइन धरायला लावतो. या संघात मला सगळ्यात जास्त आशा त्याच्याकडून आहे. माझ्या मते यंदा पहिल्या दोन फेऱ्या निघतील. त्यापुढचे सगळे जुलैमध्ये मुलांना पूर्ण मैदान मिळते की नाही यावर आहे. आठवड्यातून दोन दिवस, दीड तास, एवढेच. खारघरला सिडकोने फुटबॉलसाठी एवढे मोठे केंद्र उभारले आहे. कॉलेजने तिथे निदान एक अर्ज तरी करावा, असे मी दोनदा लेखी कळवले. उत्तर आलेले नाही.

२०१७ मध्ये १७ वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाची उपांत्य लढत आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये झाली. स्पेनने मालीला ३-१ ने हरवले. माझा मुलगा तेव्हा सहावीत होता. सगळी मुले गोल मारणाऱ्यांकडे बघत होती, हा दोन्ही गोलकीपरांकडे. घरी येऊन त्याने ग्लोव्हज मागितले. आता तो टीवायला आहे, कॉलेजकडून खेळायचे त्याचे हे शेवटचे वर्ष.

आणखी एक. त्याच कॉलेजला मुलींचाही संघ आहे. तुमच्या पाव पानात त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना याच नेरूळमध्ये झाला, स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवले. तो सामना बघायला गेलेल्या दोघी आज या संघात आहेत. मुलांचा सराव आटोपला की उरलेल्या अर्ध्या तासात त्या खेळतात, कारण टर्फचे पूर्ण तासाचे पैसे त्यांना परवडत नाहीत. त्यांच्या गोलकीपरला माझा मुलगाच शिकवतो.

तुमच्या वार्ताहरांना माझी विनंती आहे, यंदाच्या पहिल्या सामन्याला त्यांनी स्वतः यावे आणि गोलच्या मागे उभे राहून बघावे. मी तिथेच असेन. आणि मुलींच्या पहिल्या सामन्यालाही यावे.

आपली,
एक वाचक, नेरूळ