विषय: लॉट क्र. 217, चांदवडी रुपया – झाकलेल्या बोलीने चढवलेल्या किमतीबाबत (चौथी तक्रार)

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

आज दुपारी सव्वाचारला आपल्या प्रतिनिधीने माझी तक्रार ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून बंद केली आणि लगेच 1 ते 5 पैकी किती गुण देता म्हणून मेसेज पाठवला. गुण या पत्रात देतो.

आपल्या ऑनलाइन नाणे-लिलावातला लॉट 217 आपल्यासमोर असेलच. मुघल बादशहा शाह आलमच्या नावाचा, चांदवड टांकसाळीचा रुपया. मी 18,500 ची कमाल बोली लावून ठेवली होती. शेवटची दहा मिनिटं उरेपर्यंत भाव 11,500 वर, माझ्याच नावावर होता. मग ‘बोलीदार 7’ उगवला. 12,000, 13,000, 14,000... दर वेळी आपली यंत्रणा माझ्या वतीने 500 चढवत गेली, आणि हा गृहस्थ आठव्या बोलीला 19,000 म्हणून थांबला. म्हणजे माझा खिसा रिकामा झाल्याची खात्री पटल्यावरच. तिसऱ्या दिवशी आपलं पत्र आलं: विजेत्याने पैसे भरले नाहीत, आपण 18,500 ला घेता का? आमच्याच जिल्ह्यातल्या टांकसाळीचं नाणं, सोडवेना म्हणून घेतलं. पैसे भरल्यावर रात्री शांतपणे हिशोब मांडला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: हा 7 विक्रेत्यानेच भाव चढवायला बसवलेला असणार.

मी लासलगावला बाजार समितीत 31 वर्षं सौदा पट्ट्या लिहिल्या. तिथे कांद्याची बोली ट्रॉलीपाशी उभं राहून, सगळ्यांसमोर लागते. शेतकऱ्याला दिसतं कोण बोलतोय, व्यापाऱ्याला दिसतं कोण चढवतोय, आणि बोली ज्याची त्याचं नाव पट्टीवर. बोली लावून माघार घेणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सगळं आवार ओळखतं. तिथेही लबाड्या होतात, नाही म्हणत नाही. पण आठ वेळा बोलून गायब झालेला माणूस मी तिथे पाहिलेला नाही.

आपल्याकडेही मागच्या वर्षापर्यंत बरं चाललं होतं. प्रत्येकाला कायमचा एक क्रमांक होता आणि बोलींचा इतिहास कोणालाही बघता यायचा. त्यावरूनच एक क्रमांक एकाच विक्रेत्याच्या 14 लॉटवर बोलतो आणि एकही जिंकत नाही, हे मी आपल्याला कळवलं होतं. आपण ते खातं बंद केलंत, मला आभाराचा ईमेलही आला. आणि मग, बहुधा माझ्यासारख्यांचे फार आभार मानावे लागू नयेत म्हणून, आपण सगळ्या बोली ‘प्रायव्हेट’ केल्यात. आता प्रत्येक लॉटला नवे आकडे. आज 7, उद्या 2. विक्रेत्याचा मेहुणा असला तरी कोणाला कळणार?

घरात सोन्याच्या मोहरा ठेवणाऱ्याला आपलं नाव गावभर नको असतं, हे मलाही कळतं. नाव कोण मागतंय? कायमचा क्रमांक परत द्या म्हणतोय.

आता आजचा फोन. मी म्हटलं, बोलीदार 7 कोण ते मला सांगू नका, तुम्हीच तपासा, विक्रेत्याशी संबंध आहे का. “सर, प्रायव्हेट बिडिंग आहे.” मला दाखवू नका, तुम्ही बघा. “सर, आम्हालाही दिसत नाही.” मग पैसे बुडवल्याबद्दल त्याच्यावर कारवाई कशी केलीत? यावर होल्ड. सहा मिनिटं बासरी. परत आल्यावर ‘सर’चे ‘काका’ झाले. “काका, एक सांगू का? 18,500 तुम्हीच लावले होते ना? म्हणजे तुमची तयारी होतीच. मग नुकसान कुठे झालं?”

मी फोन कानापासून लांब धरून दोन वेळा बघितला, चुकीच्या ठिकाणी तर लागला नाही ना. अहो, कमाल बोली म्हणजे माझी शेवटची मर्यादा, विक्रेत्याला दिलेला कोरा चेक नव्हे! गिऱ्हाइकाच्या खिशात किती आहेत हे चाचपून भाव ठरवणाऱ्याला आमच्या सराफ बाजारात दुकानदार म्हणत नाहीत. जे म्हणतात ते इथे लिहिता येत नाही. हे वाक्य त्या मुलाला शिकवलं कोणी, एवढं तरी कळवा. त्याच्यावर माझा राग नाही. (थोडा आहे.)

1906 साली इथून जवळ जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त. त्यातल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला आहे. दुसऱ्याचं नाणं घेतलं ते राजरोस, स्वतःची खूण उमटवून. आपल्या बोलीदार 7 ला तेवढीही हिंमत नाही, आणि आपण त्याला पडदा धरून उभे आहात.

वस्तू विक्री अधिनियम, 1930 चं कलम 64 आपल्या विधी विभागाने वाचलेलं असावं. विक्रेत्याने भाव चढवायला खोटी बोली वापरली, तर विक्री रद्द करण्याचा हक्क खरेदीदाराला आहे. म्हणून लॉट 217 च्या बोलींची तपासणी करून लेखी उत्तर द्या, नाहीतर नाणं परत घ्या आणि पूर्ण रक्कम द्या. आठ वेळा, साहेब. आठ वेळा. ई-कॉमर्स नियम, 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निराकरण महिन्यात व्हायला हवं. पहिल्या तक्रारीला 26 दिवस झाले, पोच म्हणून यंत्राचं ‘नमस्कार’ आलंय. उरलेल्या दिवसांत काही झालं नाही, तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात भेटू. मला रिक्षाने वीस मिनिटं लागतात. आपल्याला यायला किती लागतील ते बघा.

नऊ वर्षांत आपल्याकडून 60 नाणी घेतली. मित्रांना आपलं नाव मीच सांगितलं होतं, आता त्यांना हेही सांगावं लागणार. जीव तुटतो.

गुण: 1, तो बासरीला.

आपला,
बोलीदार क्र. 3
(नाव आपल्याला दिसत असेल, तर)
इंदिरानगर, नाशिक