पहिले आठ दिवस पाळणाघराचे दार उघडे ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून महिना आला की शाळांचे प्रवेश, गणवेश आणि रिक्षांची भाडी यांविषयी आपल्या सोलापूर शहरात पुष्कळ बोलले आणि लिहिले जाते. परंतु त्याच महिन्यात वर्ष-दीड वर्षाची कितीतरी मुले आयुष्यात पहिल्यांदा पाळणाघराच्या उंबरठ्यावर उभी केली जातात, त्यांच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. गेल्या वर्षी माझी चौदा महिन्यांची नात त्यांपैकी एक होती. मुलगा चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला, सून एका खासगी संस्थेत कामाला आणि माझ्या पत्नीच्या गुडघ्याची नुकतीच शस्त्रक्रिया झालेली, त्यामुळे नातीला पोहोचवण्याचे आणि आणण्याचे काम माझ्याकडे आले. त्या दोन-अडीच महिन्यांत जे पाहिले, आणि माझ्या हातून जी चूक झाली, ती इतर घरांतून टळावी म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आम्ही प्रथम ज्या पाळणाघरात गेलो तेथे पालकांनी आत यायचे नाही असा नियम होता. दारातच एक मावशी मुलाला उचलून घेत आणि दार लावून घेत. "जावा ओ आजोबा, तुम्ही दिसलात की जास्त रडतंय, पाच मिनिटांत गप्प होतंय बघा," असे मला रोज सांगण्यात येई. तिसऱ्या दिवशी तिला दूरदर्शन संचासमोर बसवून, तिचे लक्ष नसताना निघून जाण्याचा सल्ला मिळाला आणि मी तो मानला. त्या दिवशी दुपारी तिला आणले तेव्हा तिचा आवाज पूर्ण बसलेला होता. पुढचा आठवडाभर मी स्नानाला गेलो तरी ती न्हाणीघराच्या दाराशी बसून राही, रात्री तीन-चार वेळा दचकून उठे आणि अंधारात हात चाचपून कोणीतरी शेजारी आहे याची खात्री करून घेई. आजोबा डोळ्यांसमोर असतानाही क्षणात नाहीसे होऊ शकतात, एवढेच ती त्या पाळणाघरात शिकली होती, आणि ते तिला मीच शिकवले होते.

या वयातला हा आकांत हट्टीपणाचा नसतो, हे आमच्या बालरोगतज्ज्ञांनी समजावून सांगितले. साधारण आठव्या महिन्यापासून मुलाला आपले माणूस आणि परके माणूस यांतला फरक स्पष्ट कळू लागतो, आपले माणूस दृष्टीआड झाले तरी ते कोठेतरी आहे हेही उमगू लागते. मात्र ते परत केव्हा येईल, हे समजण्याइतकी काळाची जाण त्याला नसते. दहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान ही भीती सर्वांत तीव्र असते आणि पुढे हळूहळू ओसरते. प्रसूती रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची असते आणि तिच्यातले काही आठवडे बाळंतपणापूर्वीच संपतात, म्हणून पुष्कळ घरांत बिनपगारी रजा घेऊन किंवा आजी-आजोबांच्या भरवशावर मूल कसेबसे वर्षाचे केले जाते. हेतू मायेचा असतो, पण त्यामुळे पाळणाघराचा पहिला दिवस नेमका या सर्वांत कठीण काळात येतो. अशा मुलांना अधिक सावकाश रुळवण्याची गरज असते आणि आपल्याकडे तर सगळे एका सकाळीच उरकले जाते.

दुसरे पाळणाघर जुळे सोलापुरातच दोन खोल्यांचे होते. तेथील ताईंनी प्रवेश देतानाच अट घातली, की घरातले कोणीतरी एक माणूस, रोज तेच, किमान आठ दिवस मुलीबरोबर आत बसेल. पहिले तीन दिवस केवळ तासभर, आणि त्या तीन दिवसांत मुलीला एकटे सोडायचे नाही. पुढे वाचनात आले, की जर्मनीत बर्लिनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत असेच करतात: पहिले तीन दिवस ताटातूट नाही, चौथ्या दिवशी काही मिनिटांची पहिली परीक्षा, आणि नव्या बाईंकडून मूल शांत होत नसेल तर पालकाने लगेच परतायचे. आमच्या ताईंनी ती पद्धत कोठे वाचली होती असे वाटत नाही. मुले सांभाळता सांभाळता त्यांना ती सुचलेली होती.

मी भिंतीशी सतरंजीवर बसलो. मला सूचना एवढीच होती, की तिला खेळायला ढकलायचे नाही, ती आली तर जवळ घ्यायचे आणि गेली तर जाऊ द्यायचे. पहिल्या दिवशी ती माझ्या मांडीवरून उठलीच नाही. ताई तिच्याकडे पाहतही नव्हत्या. चार हातांवर बसून स्टीलच्या वाट्या एकात एक घालत होत्या आणि मधूनच एखादी वाटी फरशीवर फिरवत होत्या. दुसऱ्या दिवशी ती वाटी घेऊन माझ्याकडे आली, माझ्या गुडघ्याला हात लावला आणि परत गेली. तासाभरात तिने अशा अकरा खेपा केल्या. तिसऱ्या दिवशी खेपा कमी झाल्या. ती तिकडूनच मान वळवून मी आहे ना ते पाही आणि पुन्हा वाट्यांत रमे. त्याच दिवशी तिने आपण होऊन वाटी ताईंच्या हातात दिली. एका माणसाची ओळख पटायला तीन दिवस आणि पाच वाट्या लागल्या. मुलाला पाच बायकांच्या हाती आळीपाळीने देणाऱ्या जागी ही ओळख कधी आणि कोणाशी होणार?

चौथ्या दिवशी मी तिच्या समोर उभे राहून, "आजोबा भाजी आणायला जातात, तुझा वरणभात झाला की येतात," असे सांगितले आणि निघालो. ती रडली. मी रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली उभा होतो. ते दहा मिनिटांचे रडणे ऐकणे सोपे नव्हते. परंतु ताईंनी तिला खिडकीशी नेले, मी कोणत्या दिशेला गेलो ते दाखवले, "आजोबा गेले, भात झाला की येणार," हेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हटले आणि तिला रडू दिले. "काही झालं नाही, गप्प बस" असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. भात झाला, मी आलो. लहान मुलाला घड्याळ कळत नाही, पण भातानंतर काय आणि झोपेनंतर काय, हे नेमके कळते. म्हणून "लवकर येतो" हे शब्द त्याच्या काही कामाचे नसतात आणि "भात झाला की येतो" हे शब्द मोडले तर ते त्याला लगेच कळते. एखाद्या दिवशी उशीर होणार असेल तर ताईंना दूरध्वनी करून निदान त्यांच्या तोंडून मुलाला तसे सांगावे, इतके हे महत्त्वाचे आहे.

झोपेचा प्रश्न वेगळा होता. आपल्याकडे बहुतेक घरांत मूल साडीच्या झोळीत झोपते. माझी नातही आजीच्या जुन्या इरकल लुगड्याच्या झोळीत झोपत असे. तिला एकदम सपाट गादीवर आडवे केले की ती हातपाय ताठ करून ओरडे. ताईंनी त्याच लुगड्याचा हातभर तुकडा मागून घेतला आणि पहिले काही दिवस तो धुऊ नका असे बजावले, कारण घराचा वास त्यातच होता. तो तुकडा गालाशी धरून ती दहाव्या दिवशी गादीवर झोपली.

सोलापुरात आणखी एका गोष्टीचा विचार करावाच लागतो, ती म्हणजे भाषा. या शहरात घराघरांत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलली जाते, आणि दीड वर्षाच्या मुलाला फक्त घरची दहा-पंधरा शब्दांची भाषा येत असते. नातीबरोबर असलेला एका तेलुगू घरातला मुलगा दुपारी "बुव्व, बुव्व" म्हणून रडू लागला. नव्याने आलेल्या मदतनीस बाईंना वाटले, की त्याला बागुलबुवाची भीती वाटते आहे, म्हणून त्या त्याला पोटाशी धरून "बुवा नाही हं, बुवा गेला" असे समजावत राहिल्या. पोराला हवा होता भात! तेलुगू घरांतून लहान मुलांशी बोलताना भाताला बुव्व म्हणतात. त्या दिवसापासून ताईंनी प्रत्येक मुलाचे पाणी, भात, शू, झोप आणि आई यांचे घरचे शब्द आईवडिलांकडून विचारून भिंतीवरच्या कागदावर लिहून ठेवले. तेलुगूत नीळ्ळू म्हटले की पाणी, कन्नडमध्ये नीरू म्हटले तरी पाणी. या कागदाला काहीही खर्च येत नाही, आणि आपल्या शहरातील प्रत्येक पाळणाघरात तो असायला हवा.

"मूल आता रडत नाही, म्हणजे रुळले," असे आपण सहज म्हणतो. त्याविषयी सावध राहावे असे मला वाटते. १९५० च्या दशकात लंडनमध्ये मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी आणि त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी आईपासून दुरावून रुग्णालयात राहिलेल्या लहान मुलांचे निरीक्षण केले, तेव्हा आधी आक्रोश, मग निराशा आणि शेवटी अलिप्तपणा असा क्रम त्यांना दिसला. गप्प पडलेल्या मुलाला परिचारिका शहाणे समजत होत्या. दिवसभराचे पाळणाघर आणि तशी दीर्घ ताटातूट या सारख्या गोष्टी नाहीत हे मला मान्य आहे, परंतु खूण उपयोगाची आहे. रुळलेले मूल खाते, खेळते, पडले तर ताईंकडे धावते. कोपऱ्यात बसून राहणारे, खाणे सोडलेले, कोणीही उचलले तरी चालणारे मूल रुळलेले नसते. उलट संध्याकाळी आपल्याला पाहताच जे मूल रडू लागते त्याला तेथे मारले असेल अशी शंका घेण्याची घाई करू नये. दिवसभर धरून ठेवलेले रडू आपल्या माणसापाशी सुटते. अलीकडे काही पाळणाघरे भ्रमणध्वनीवर कॅमेऱ्याचे चित्र दाखवतात. पालकांना त्याने धीर येत असेल, पण मुलाला त्या चित्रातून आपण दिसत नाही.

आणि एकदा रुळले म्हणजे कायमचे रुळले असेही नसते. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेचे चार दिवस नात घरी होती, तर नंतरच्या सोमवारी तिने पुन्हा पहिल्या दिवसासारखे रडे काढले. दोन दिवस मी पुन्हा सतरंजीवर बसलो.

मी निवृत्त आहे म्हणून बसू शकलो. ज्या घरात आजोबा नाहीत तेथे हे आठ दिवस कोठून आणायचे, हा खरा प्रश्न आहे आणि तो मालकांशी संबंधित आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला दिवसातून दोनदा दूध पाजण्यासाठी वेळ दिला. २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला विश्रांतीच्या वेळेसह दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा दिली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत. परंतु आपल्याकडचे बरेचसे यंत्रमाग आणि शिलाईचे कारखाने ५० च्या आतले. तरीही कायद्याने सामायिक पाळणाघराची वाट मोकळी ठेवलेली आहे, तिचा आधार घेऊन अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीतील शेजारशेजारच्या कारखानदारांनी एकत्र येऊन एखादे पाळणाघर चालवणे अशक्य नाही. मूल नव्याने पाळणाघरात जाते तेव्हा आईला किंवा बापाला पंधरा दिवस दोन तास उशिरा येण्याची सवलत द्यायला तर कायद्याचीही गरज नाही. बापाला हे शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत. सतरंजीवर बसायला बापही चालतो.

पूर्व भागातील विडी कामगार भगिनींची अडचण याहून मोठी आहे. त्यांची मजुरी हजार विड्यांमागे ठरते, त्यामुळे मुलापाशी बसलेला प्रत्येक तास त्यांच्या हिशेबातून वजा होतो. आणि घरी ठेवावे तर मूल तंबाखूच्या सुपाशेजारी वाढते. अंगणवाडी त्यांना जवळची आहे, पण ती तीन वर्षांपुढील मुलांना काही तासच बसवून घेते; तीन वर्षांखालच्या मुलाला तेथून शिधा मिळतो, दिवसभराचा सांभाळ मिळत नाही. केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर चालवण्याची तरतूद आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बोर्डी आणि कोसबाडला मुलांना शाळेकडे ओढून न आणता बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, त्यातून अंगणवाडी हा शब्द आपल्याला मिळाला. महापालिकेने आणि महिला व बालविकास विभागाने विडी कामगारांच्या वस्त्यांत अशी जोड-पाळणाघरे सुरू करावीत, आणि ती सुरू करताना पहिल्या आठवड्यात आईच्या बुडणाऱ्या मजुरीचाही विचार करावा, अशी माझी विनंती आहे.

पाळणाघर चालवणाऱ्या भगिनींना एवढेच सांगायचे आहे, की येत्या जूनपासून आठ दिवस आत बसण्याची अट त्यांनी प्रवेश अर्जातच छापावी. सुरुवातीला पालक कुरकुर करतील, खोलीत गर्दी होईल, आणि एका वेळी दोनपेक्षा अधिक नवी मुले घेता येणार नाहीत, म्हणून प्रवेश महिनाभर विभागून द्यावे लागतील. आमच्या ताईंनी तसेच केले आहे. त्यांच्याकडे दाराजवळची ती सतरंजी अजून अंथरलेली असते, आणि गेल्या आठवड्यात मी नातीला सोडायला गेलो तेव्हा तिच्यावर एक तरुण बाप मुलाला मांडीवर घेऊन बसला होता.

आपला,
एक आजोबा, जुळे सोलापूर