मथळ्यात प्रांत कोणाचा?

महोदय,

शहरातील एका स्पा सेंटरवरील छाप्याच्या आपल्या अंकातील बातमीत, पकडलेल्या तरुणी ईशान्य भारतातील असल्याचा उल्लेख थेट मथळ्यात आहे. मालक कुठला आणि तेथे सापडलेले ग्राहक कोणत्या प्रांताचे, याबद्दल मात्र अवाक्षर नाही. छायाचित्रातही ओढणीने तोंड लपवणाऱ्या मुलीच तेवढ्या दिसतात.

१९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा कुंटणखाना चालवणाऱ्याला आणि दलालाला शिक्षा सांगतो; देहविक्रय हा स्वतः त्यात गुन्हा नाही. स्वेच्छेने हे काम करणाऱ्या सज्ञान स्त्रियांना छाप्यात अटक वा त्रास होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ च्या आदेशात सांगितले आणि त्यांची ओळख उघड न करण्याची ताकीद माध्यमांनाही दिली. नाव गाळून वंश मथळ्यात घालणे ही त्यातून काढलेली पळवाट झाली.

चेहऱ्यावरून धंदा ठरवण्याची खोड पोलिसांपुरती नाही. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या खिडकी एक्स्टेंशनमध्ये आफ्रिकी महिलांच्या घरांवर रात्री छापा घाला, असा आग्रह खुद्द दिल्ली सरकारच्या तेव्हाच्या कायदामंत्र्यांनी धरला होता आणि वॉरंटशिवाय जाण्यास नकार (हेही नमूद केले पाहिजे) पोलिसांनीच दिला होता.

आमच्या वसाहतीत राहणाऱ्या, ब्युटी पार्लरमध्ये काम करणाऱ्या मणिपुरी मुलीकडे घरमालकाने ही बातमी वाचून पोलिस पडताळणीचा कागद पुन्हा मागितला. तो तिने घर घेतानाच दिला होता. प्रांत छापायचाच असेल, तर मालकाचा आणि ग्राहकांचाही छापावा, नाहीतर कोणाचाच नको.

– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर