मागच्या बाकावर बसणाऱ्यांना सोबत हवीय

बंधुभगिनींनो, मोठ्या वयात कॅथलिक श्रद्धेबद्दल विचारपूस करायला जे लोक आपल्या चर्चमध्ये येतात ना, त्यांच्यासोबत काम करणारी आमची छोटीशी टीम आहे, आरसीआयएवाले (म्हणजे मोठ्यांच्या ख्रिस्ती दीक्षेचा विधी बघणारे) म्हणून तुम्ही आम्हाला ओळखता. शिकवायला आमच्याकडे माणसं आहेत. फादर आहेत, सिस्टर आहेत, कॅटेकिस्ट म्हणजे धर्मशिक्षक आहेत. शेजारी बसायला माणूस नाही, आणि त्यासाठीच हे आवाहन.

मागे एक ताई जवळजवळ तीन महिने दर रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, यायच्या. शेवटचा बाक, खांबाच्या आडोशाला. सगळे उभे राहिले की उभ्या राहायच्या, सगळे गुडघ्यावर गेले की अर्धवट वाकून परत बसायच्या, हातात पुस्तक असायचं पण पान काही सापडलेलं नसायचं, आणि एकमेकांना शांती द्यायची वेळ आली की हळूच उठून बाहेर. नंतर कळलं की पुढे कम्युनियनची (ख्रिस्तप्रसाद घ्यायची) रांग लागते तेव्हा आपण जायचं का बसून राहायचं, हेच त्यांना माहीत नव्हतं आणि विचारणार कोणाला. आमच्यातल्या चौघांनी त्यांना दर आठवड्याला बघितलं होतं, चौघांनाही वाटलं दुसरा कोणीतरी बोलला असेल. ही आमची चूक, आणि ती अजून मनाला लागून आहे.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय ८ आठवा. इथिओपियाचा तो अधिकारी रथात बसून यशया वाचतोय, फिलिप विचारतो वाचताय ते समजतंय का, तो म्हणतो कोणी वाट दाखवल्याशिवाय कसं समजणार, आणि फिलिपला वर बोलावून शेजारी बसवून घेतो. बाप्तिस्मा त्याच्यानंतर.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६३ मध्ये सांगितलं की मोठ्यांच्या दीक्षेची जुनी, टप्प्याटप्प्याची पद्धत परत सुरू करा, आणि १९७२ मध्ये तिचा नवा विधी आला. जुनी म्हणजे किती जुनी, तर संत ऑगस्टीन असेच मोठेपणी तयारी करून ३८७ च्या पास्काच्या (ईस्टरच्या) रात्री मिलानमध्ये संत अँब्रोझ यांच्या हातून बाप्तिस्मा घेऊन आले. आधी नुसती चौकशीची वेळ, मग दीक्षार्थी म्हणून स्वीकार, मग शिक्षण आणि प्रार्थना, पास्काआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी बिशपांसमोर निवडीचा विधी, पुढे तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या रविवारी त्यांच्यासाठी खास प्रार्थना (शोमरोनी स्त्री, जन्मांध माणूस आणि लाजरस ही तीन वाचनं तेव्हाचीच), आणि मग पास्काच्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण (बाप्तिस्म्याची श्रद्धा पक्की करणारा संस्कार), पहिलं कम्युनियन एकाच मिस्सामध्ये. ज्यांचा दुसऱ्या चर्चमध्ये योग्य रीतीने बाप्तिस्मा झालेला असतो त्यांना परत बाप्तिस्मा देत नाहीत, त्यांची वाट थोडी वेगळी असते.

या प्रत्येक वळणावर सोबतीला एक माणूस लागतो. स्वीकाराच्या विधीत कपाळ, कान, डोळे, ओठ, छाती, खांदे यावर क्रुसाची खूण करतात. हातापायांवरही करता येते. एकदा एका काकांना गुडघ्याचा त्रास होता तरी ते बाकाला धरून खाली बसले, समोरच्या तरुणाच्या दोन्ही पावलांवर अंगठ्याने क्रूस काढला आणि उठताना त्या तरुणानेच त्यांना हात दिला. आमच्या दहा वर्गांत जे झालं नसतं ते त्या एका मिनिटात झालं, असं मला मनापासून वाटतं.

तर हवं काय, तर आठवड्यातली एक संध्याकाळ आणि रविवारची मिस्सा शेजारी बसून. पान काढून द्यायचं, आता का उभं राहिलो ते कानात सांगायचं, मधल्या वारी एक फोन करायचा. धर्मज्ञान फार लागत नाही, उत्तर येत नसेल तर "विचारून सांगतो" म्हणा, चालतं. आधीच्या लग्नाच्या भानगडी, घटस्फोट वगैरे विषय निघाला तर मात्र स्वतः सल्ला देऊ नका, थेट फादरांकडे घेऊन या. पुढे धर्मपिता किंवा धर्ममाता व्हायचं असेल तर साधारणपणे १६ वर्षं पूर्ण, दृढीकरण आणि कम्युनियन झालेलं, श्रद्धेला धरून जगणारं कॅथलिक असावं लागतं, आणि त्या व्यक्तीचे स्वतःचे आईवडील चालत नाहीत.

आणि एक, कोणाला ओढायचं नाही. चर्चच्या कायद्यातच आहे की कोणाच्या विवेकाविरुद्ध श्रद्धा लादता येत नाही. कोणी मध्येच थांबला, अजून वर्षभर विचार करतो म्हणाला, तरी ओळख तशीच ठेवायची.

पास्कानंतर सोबत संपली असंही समजू नका. एक दादा त्या रात्री पास्काच्या मेणबत्तीवरून पेटवलेली आपली मेणबत्ती हाताने आडोसा करून जपत उभे होते, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि पेन्टेकॉस्टपर्यंत ते दिसेनासे झाले कारण वर्ग संपले आणि फोन करणारं कोणी उरलं नाही. ते ५० दिवस सगळ्यात नाजूक असतात.

वेळ नसेल तर दुसरंही बरंच आहे. वर्गाच्या वेळी लहान मुलांना सांभाळायला कोणी, रात्री वर्ग सुटल्यावर घरी सोडायला गाडीवाले कोणी, मोठ्या अक्षरातलं मराठी बायबल, घरात न उघडता पडून असलेली धर्मशिक्षणाची पुस्तकं, सगळं चालेल. जे आजारपणामुळे घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांना आम्ही एकेका दीक्षार्थीचं नुसतं पहिलं नाव देऊ, त्यांची परवानगी घेऊनच, रोजच्या माळेत त्यांच्यासाठी एक दशक (दहा मण्यांची प्रार्थना) म्हणा.

आगमनकाळ (नाताळाआधीचे आठवडे) सुरू व्हायच्या आत निदान प्रत्येकाला एक सोबती मिळावा अशी आमची धडपड आहे. रविवारी मिस्सा संपली की आम्ही मागच्या दाराजवळ वही घेऊन उभे असतो, नाव लिहून जा, आणि त्या दिवशी बाकावर कोणी एकटं दिसलं तर वहीपर्यंत यायच्या आधी त्यांच्याशी बोला.