कव्हरवरचा माणूस

प्रिय बंड्या,

इतके महिने पत्र नाही म्हणून शिव्या घालणार असशील, तर आधी त्या घालून घे. तब्येत ठीक, गुडघा तसाच. आता मुद्दा, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

कादंबरीचं कव्हर आलं. सुंदर आहे, हीच पंचाईत. निळसर धुक्यात पाठमोरा माणूस, हातात बॅग, मान जराशी डावीकडे कललेली. कळलं ना कोण? चित्रकाराने दादाचा फोटोसुद्धा पाहिलेला नाही. ती मान त्याला कशी सापडली, देव जाणे.

पण अख्ख्या कादंबरीत तो एकदाही समोर येत नाही. घरातले त्याच्याबद्दल बोलतात, भांडतात, त्याचं ताट वाढतात, आणि प्रत्येकाचा तो वेगळा. वाचकाने पहिलं पान उघडायच्या आधीच त्याला दाखवून टाकलं, तर मी एवढं लपवालपवीचं लिहिलं कशासाठी?

काफ्काला १९१५ साली हीच धास्ती होती. ‘मेटॅमॉर्फसिस’ या त्याच्या गोष्टीत माणसाचा किडा होतो ना, तो किडा कव्हरवर येईल म्हणून त्याने प्रकाशकाला कळवलं, तो काढू नका, लांबूनसुद्धा दाखवू नका. मग चित्रकार ओटोमार श्टार्केने काढला हातांनी तोंड झाकलेला माणूस. मागे उघडं दार आणि आत काळोख. किड्याचा पत्ता नाही, पण घरातली सगळी लाज त्या दोन हातांत आली.

हो, तू आता ‘द ग्रेट गॅट्सबी’ कादंबरीच्या कव्हरचा विषय काढणार. हॉस्टेलपासूनचा तुझा हुकमी एक्का! तिचा लेखक फिट्झजेराल्डने १९२४ मध्ये संपादकाला लिहिलं, ते कव्हर दुसऱ्या कुणाला देऊ नका, मी ते पुस्तकात लिहून टाकलंय. म्हणजे चित्रानेच लेखकाला काहीतरी दिलं, कबूल. हॉस्टेलमधल्या त्या रात्री वादात तू जिंकलास ते मला झोप आली म्हणून. ते कव्हर काढणाऱ्या कुगाटच्या त्या निळ्या आभाळात नुसते डोळे आणि ओठ आहेत, चेहऱ्याला कडच नाही, हे तू सोयीने विसरतोस.

प्रकाशक म्हणतात, फोनवर कव्हर बोटाच्या पेराएवढं दिसतं. तिथे रिकामी जागा म्हणजे नुसता डाग. खोटं नाही ते. मी रिकामी खुर्ची सुचवली, तर सीमा म्हणाली, फर्निचरचं दुकान काढताय का? मग म्हटलं, माणूस काढा, धुकं आणि बॅग ठेवा. त्यावर चित्रकार रुसलाय.

आणि खरं सांगू? माणूस पुसलेलं कव्हर परवा पाठवलं त्यांनी. कादंबरीला तेच शोभतं. पण मला ‘हो’ म्हणवेना. दादाला घालवायचं काम माझ्याकडे कुणी दिलं?

दोन्ही चित्रं सोबत आहेत. आईंना दाखवायची की नाही, ते तू बघ. सोमवारी छपाईला जायचंय, त्याआधी फोन कर, आणि गॅट्सबीवर व्याख्यान नको. नवी नोकरी कशी आहे? चिमीचा निकाल लागला का? वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या